साचे तुम्ही स्वतः बसवून आलात

उत्तमदादा, आता चिडायचं कुणावर? अठरा वर्षं ती सोय होती. सकाळी कंपनीची बस मला हिमायतनगरला घ्यायची, मलकपेठला तुम्ही चढायचात, आणि चर्लापल्लीला कारखान्याचं गेट येईपर्यंत आपलं एक भांडण बरोबर पुरायचं. उरलंसुरलं संध्याकाळच्या बसला. काल तुमच्या पुण्यानुमोदनाला आले, फुलं वाहिली, बुद्धवंदनेला सगळ्यांबरोबर हात जोडून बसले, आणि मनात काय चाललं होतं सांगू? हा माणूस मुद्दाम गेला. वाद हरायला आला होता, म्हणून मधेच उठून गेला.

मग तुमच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही तुम्ही तसेच. समोरच्याचं सगळं ऐकून घेतलंय आणि त्यातलं काहीही पटलेलं नाही.

लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. एकजण तर तुम्हाला मनमिळाऊ म्हणाला. मनमिळाऊ! मी आजूबाजूला पाहिलं, आपल्या टूल रूमचे चौघेजण मान खाली घालून हसू दाबत होते. दादा, तुमच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मी पुण्याची आहे.

माझा पहिलाच आठवडा आठवतो? लग्न होऊन इथे आले होते, प्लॅनिंग खात्यात नवी लागले होते. आपण परदेशी कंपनीसाठी वाफेच्या इस्त्र्या बनवायचो, आणि इस्त्रीचे प्लॅस्टिकचे भाग ज्या लोखंडी साच्यांतून निघायचे ते साचे बनवायचे आणि सांभाळायचे तुम्ही. सगळी टूल रूम तुम्हाला उस्ताद म्हणायची. मी माझा कागद घेऊन रुबाबात आले आणि सांगितलं, मुठीचा साचा दुपारी दोनला मशीनवर चढायला हवा.

"नक्को मॅडम," तुम्ही म्हणालात.

"नको म्हणजे?"

"नक्को म्हणजे नक्को. साचा थकलाय."

"साचा कसा थकेल? माणूस थकतो."

तुम्ही त्या साच्यातून निघालेली एक मूठ माझ्या हातात दिलीत आणि कडेवरून बोट फिरवायला सांगितलंत. केसाएवढी धार लागली. "जी बाई रोज इस्त्री करंल तिच्या बोटाला हे लागंल," तुम्ही म्हणालात, "आणि तिला कळायचं बी नाही काय टोचतंय ते. दोन दिवस द्या." मी दोन दिवस दिले. माझं पहिलंच वेळापत्रक कोलमडलं, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही दोन दिवसांनी साचा परत देताना साधं 'थँक्यू' म्हणाला नाहीत. वर म्हणालात, "बघा, आता झोप झाली त्याची."

तेव्हापासून मी तुमच्यावर वैतागत आले. तुम्ही काही लिहून ठेवायचा नाहीत, सगळं डोक्यात. तुम्हाला रजेच्या दिवशी फोन केला तर उचलायचा नाहीत. मी 'हो' म्हणायला शिकवायची आणि तुम्ही 'हौ' म्हणायचात. परभणीहून वडिलांच्या कडेवर बसून आलेला माणूस मलकपेठेत वाढला, त्याची मराठी अशीच असणार, हे मला कळत होतं. तरी टोकायची. तुम्ही एकदा शांतपणे म्हणालात, "ताई, पुण्यात गेलो की 'हो' म्हणीन. इथं हौ." तुम्ही पुण्याला कधीच आला नाहीत. मीही कधी बोलावलं नाही म्हणा.

मग तो कँटीनमधला दिवस. साहेबांनी दोन्ही पाळ्यांना एकत्र बोलावलं. आधी इंग्रजीत बोलले, मग कुणीतरी तेलुगूत सांगितलं, मग परत हिंदीत. तिन्ही भाषांत अर्थ एकच होता: वर्ष संपायच्या आत इस्त्रीचं सगळं काम व्हिएतनामला जाणार. लोक ओरडतील असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. भांडी घासणाऱ्या बायकांनी तेवढा नळ बंद केला.

संध्याकाळी बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. एरवी मागच्या सीटवरून भांडायचात.

"मॅडम, तुम्ही प्लॅनिंगच्या. कायकू चाललेत हे लोक?"

मी सांगितलं. सगळं नीट सांगितलं, कारण ते मला पाठ होतं. इस्त्रीत किती भाग असतात? त्यातले आपण इथे किती बनवतो? मूठ, पाण्याची टाकी, मागचं झाकण. तापणारा तवा, थर्मोस्टॅट, वायर, वाफेचा व्हॉल्व्ह, हे सगळं समुद्रापलीकडून येतं. ते बोटीतून उतरणार, बंदरात अडकणार, मग ट्रकमधून इथवर येणार. आपल्या शहराला समुद्रच नाही. तिकडे हे सगळे भाग बनवणारे एकमेकांना लागून बसलेत. साधा स्क्रू बदलायचा झाला तर आपल्याला तीन आठवडे लागतात, त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिळतो. दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल काढायचं तर कंपनी कुठे जाईल?

"म्हणजे पगाराचं काही नाही?"

"आहे, पण ते थोडं. पगारासाठीच जायचं असतं तर आधीच गेले असते."

तुम्हाला पटलं नाही. आठवडाभर तुम्ही पगारावर अडून बसलात. मी रोज नवीन मुद्दा काढायची, तुम्ही रोज मान हलवायचात. आणि मग एक दिवस उप्पलच्या सिग्नलला बस अडकलेली असताना तुम्ही एकदम म्हणालात, "बरं, तुमचंच खरं. भाग इथं बनत नाहीत म्हणून चालले. पण ताई, मग ते इथं बनवायला कुणी सांगितलं का आपल्याला? इतकी वर्षं आपण नुसतं जोडत बसलो. कंपनी चालली कुठं? ती आलीच नव्हती. भाड्यानं राहत होती."

मी खिडकीबाहेर पाहिलं. दादा, तुम्हाला वाटलं असेल मला उत्तर सुचलं नाही. तसं नव्हतं.

जे तुम्हाला कधी बोलले नाही ते आता लिहिते. कँटीनमधल्या त्या दिवसाच्या चार महिने आधी मुख्य ऑफिसातून मला एक काम आलं होतं. इथे आणि तिकडे काय काय मिळतं, किती दिवसांत मिळतं, याची तुलना करायची. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, पण मी काही दुधखुळी नव्हते. मी मन लावून केलं. नेहमी करते तसंच. तुम्हाला बसमध्ये जे पाठ म्हणून दाखवत होते ना, ते माझ्याच अहवालातलं होतं.

आणि त्या अहवालात एक रकाना होता: स्थानिक पुरवठादार. त्यात व्हॉल्व्हच्या पुढे मी लिहिलं, 'उपलब्ध नाही.'

तुम्हाला यादगिरीची गोष्ट आठवते आहे, मला माहीत आहे. बालानगरला दोन लेथ आणि एका पत्र्याच्या छपराखाली काम करणारा यादगिरी. तुम्ही त्याला आपल्या रजेच्या दिवशी हाताशी धरून वाफेचा व्हॉल्व्ह बनवला होतात. माझ्या टेबलावर आणून ठेवलात. तो बाहेरून येणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा सरस होता, गळत नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण मंजूर पुरवठादारांच्या यादीत यादगिरीचं नाव घालायचं म्हणजे चाचण्या, फॉर्म, मुख्य ऑफिसशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार. मी तेव्हा तीन मॉडेलच्या मागे धावत होते. म्हटलं, "बघते." तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोनदा 'बघते' म्हटलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

त्या एका व्हॉल्व्हनं कंपनी थांबली असती असं मी म्हणत नाही. थांबली नसतीच. त्यांचं ठरलं होतं, माझा अहवाल फक्त ठरलेल्यावर मारायचा शिक्का होता. हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे. पण 'उपलब्ध नाही' हे खोटं होतं, आणि ते माझ्या हातचं होतं.

आता तुमच्याकडे येते. कारण यापुढचं जे तुम्ही केलंत त्याचा मला अजूनही ताप होतो.

साचे तिकडे न्यायचे ठरले. पण साचे नेले म्हणजे इस्त्र्या निघतात असं नसतं. कुठला साचा किती गरम झाला की रुसतो, कुठल्या कोपऱ्यात प्लॅस्टिक पोचायला वेळ लागतो, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही लिहून ठेवलं असतंत तर ना! मग साहेबांनी तुम्हाला बोलावलं: सहा आठवडे तिकडे जाऊन साचे बसवून द्या, माणसं शिकवा.

टूल रूममधली सगळी पोरं तुम्हाला जाऊ नका म्हणाली. युनियनवाले म्हणाले. मी तर टाहो फोडला.

"दादा, तुमच्या लक्षात येतंय का? हा एकच पत्ता आपल्या हातात आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तिकडचं काम सहा महिने सुरू होत नाही. तेवढ्यात काहीतरी बोलणी तरी करता येतील."

"साचे माझे हायत ताई. दुसऱ्यानं बसवले तर मोडतील."

"मोडू देत!"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी तुमच्या लेकराबद्दल काही अभद्र बोलले. मग मी एक पायरी खाली उतरले. म्हटलं, बरं, जा. पण सगळं सांगू नका. थोडं राखून ठेवा. एखादा साचा रुसू दे, म्हणजे परत बोलावतील, तुमची गरज राहील.

"हौ, बघतो," तुम्ही म्हणालात.

माझाच शब्द मला परत केलात. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि तिकडे जाऊन काय केलंत? सगळं शिकवलंत. अथपासून इतिपर्यंत! दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तुमचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मी इथे आमच्या निम्म्या रिकाम्या ऑफिसात बसून बघायची. तुमचा चेहरा असा फुललेला की मला फोन आपटावासा वाटायचा. होआ नावाच्या एका बाईला तुम्ही हाताखाली घेतलं होतंत. तिला इंग्रजी येत नाही, तुम्हाला तिची भाषा येत नाही, आणि तरी म्हणे ती दहा दिवसांत बोट फिरवून धार ओळखायला लागली.

"ताई, हिचं बोट सोन्याचं हाय."

"दादा, ती बाई तुमची नोकरी घेऊन बसली आहे."

"तिनं कुठं घेतली? तिला दिली."

एके दिवशी तुम्ही म्हणालात, दुभाष्याकडून तिला विचारलं, आधी कुठं कामाला होतीस? ती बुटांच्या कारखान्यात होती. नऊ वर्षं. मग तो कारखाना दुसऱ्या देशात गेला. देशाचं नाव तिला नीट सांगता येईना. जायच्या आधी तिलाही म्हणे नव्या माणसांना शिकवायला सांगितलं होतं, फोनवर, कॅमेऱ्यासमोर बसवून.

"मग तिनं शिकवलं?" मी विचारलं.

"नाही म्हणाली ती. रागानं घरी गेली. मशीन तिकडं तरी बी चालू झाली, दोन महिने उशिरानं. आता वाईट वाटतं म्हणते. म्हणते, त्या तिकडच्या पोरींची बोटं भाजली असतील."

मी त्यावर काय बोलले ते मला चांगलं आठवतं. म्हटलं, "तुम्हाला तिकडे पाठवून कंपनीनं अगदी योग्य माणूस निवडला," आणि फोन ठेवला. दोन महिने तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही परत आलात, कारखान्याला कुलूप लागलं, बस बंद झाली, त्यामुळे न बोलणं सोपंही झालं.

तुम्हाला घरी बसवेना हे उघडच होतं. तुम्ही यादगिरीकडे जायला लागलात. रोज दोन बस बदलून मलकपेठहून बालानगरला, या वयात. मला तेही कळलं ते दुसऱ्याकडून. न राहवून एकदा फोन केला तर म्हणालात, "छोटे साचे करतो ताई, पाण्याच्या नळाचे. मजा येते. मान जरा अवघडते, डावा हात जड होतो."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"गॅस हाय. सोडा घेतला की जातो."

दादा! साच्यात केसाएवढी भेग असेल तर आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय ते कळेना? मी ओरडले, तुम्ही हसलात. रविवारी येते, म्हटलं, आपण दोघं हिमायतनगरच्या माझ्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि मनात ठरवलं होतं, जाताना रिक्षात तुम्हाला अहवालाचं सांगायचं. रिक्षात समोर बघत बोलता येतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता यादगिरीचा फोन आला. त्याला हुंदका आवरेना. त्याचे 'सार' लेथजवळच्या स्टुलावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेले.

आता कालचं. लोक पांगल्यावर मी थांबले. कमलताई आतल्या खोलीत फुलं वेगळी करत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. तुमच्या बायकोशी इतक्या वर्षांत माझं बोलणं 'कशा आहात' च्या पुढे फारसं गेलं नव्हतं. त्यांनीच विषय काढला.

"ताई, कंपनी गेली कशापायी? हे म्हणायचे तुम्हाला सगळं ठाऊक हाय. म्हणायचे, मला पटत नाही पण ती बाई खरं बोलते."

ती बाई खरं बोलते. मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, दादा, त्याच खोलीत, तुमच्या फोटोला हार घातलेला असताना. असं बोलून ठेवायची काय गरज होती?

मग मी सांगितलं. रिक्षासाठी जुळवलेलं वाक्य काही आठवेना, जसं येईल तसं सांगितलं. अहवाल, तो रकाना, यादगिरीचा व्हॉल्व्ह, दोनदा म्हटलेलं 'बघते'. कमलताई फुलं वेगळी करायच्या थांबल्या नाहीत. माझं सांगून संपलं. मला वाटलं, आता उठायला सांगतील. मी पर्स जवळ ओढली.

"ह्यांनी ते सगळं तिकडं जाऊन शिकवलं, तवा तुम्ही ह्यांच्यावर चिडला होता ना? दोन महिने बोलला नाही?"

"हो."

"त्यांना लई लागलं होतं ते." त्यांनी एक सुकलेलं फूल बाजूला टाकलं. "ह्यांनी मशीन लावून दिली. तुम्ही वाट लिहून दिली. आन चिडून तुम्ही बसला."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही.  तुमच्या घरात वाद घालायला कुणाला जास्त येत होतं ते मला काल कळलं.

घरी येताना मी तेच घोळवत राहिले. मला तुमच्यावर खरंच कशाचा राग होता? तुम्ही नाही म्हणावं असं मला का इतकं वाटत होतं? आपल्या पोरांसाठी, हो, तेही होतं. पण मुख्य म्हणजे, मी कुणाला काही न विचारता हो म्हणून बसले होते. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर माझं हो म्हणणं त्याखाली झाकलं गेलं असतं. तुमच्याकडून मला माझं काम करून हवं होतं, दादा. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही तुमचं केलंत, आणि ते चुकीचं होतं असं मी अजूनही म्हणेन, उद्या बसमध्ये भेटलात तर पुन्हा म्हणेन. होआनं नाही म्हटलं तेही मला बरोबर वाटतं. तिला नंतर वाईट वाटलं तेही बरोबर वाटतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं बरोबर असू शकतं, ते तुम्ही मला समजावून सांगायचं होतं. त्याआधीच गेलात.

एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या बोलण्यानंतर मी उठायला लागले तर कमलताई म्हणाल्या, "बसा. जेवून जा." मी सवयीनं म्हणाले, नको, उशीर होईल, घरी सगळं केलेलं आहे. त्यांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे. मी बसले. ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी, वरून ठेचा. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी न विचारता आणखी एक भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.

इतक्या वर्षांत तुमच्या घरी मी पहिल्यांदाच जेवले, दादा. दर वेळी चहावरच उठायची. का उठायची, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. एवढ्या सगळ्यावर माझ्याशी भांडलात, आणि हे तेवढं मला सोडून दिलंत.